आत गेलेला ओठ

सोलापुरात ऑर्किड लावणाऱ्या बाईला लोक वेडी म्हणतात, आणि मे महिन्यात त्यांचं म्हणणं मलाही पटतं. पण हौसेला मोल नसतं. मागच्या गॅलरीत हिरवी जाळी बांधली, भिंतीला ओलं गोणपाट लावलं, कुंड्यांत मातीऐवजी कोळसा आणि नारळाच्या शेंड्या भरल्या. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले होते. पोरांच्या वह्या नाहीत म्हटल्यावर कुणावर तरी डाफरायला हवंच होतं, ते मी झाडांवर डाफरत होते. तरी ती फुलली.

फूल आलं की मी त्याचे जोडफोटो काढते. मागे काळं कापड, कॅमेरा फुलाच्या अगदी नाकाशी. एक फोटो काढायचा, कॅमेरा किंचित उजवीकडे सरकवायचा आणि दुसरा काढायचा. दोन्ही पुठ्ठ्यावर शेजारी शेजारी चिकटवायचे. मग चपलांच्या खोक्याला दोन भिंगं बसवून केलेल्या माझ्या दुर्बिणीतून बघायचं. डावा डोळा डावा फोटो बघतो, उजवा डोळा उजवा, आणि सपाट कागदातून फूल उठून उभं राहतं. ऑर्किडची मधली खालची पाकळी, तिला मी ओठ म्हणते, ती तर अशी पुढे येते की बोट लावावंसं वाटतं.

फोटो काढताना फूल हलू नये म्हणून पंखा बंद ठेवावा लागतो. ते काम आमच्या ह्यांचं. चिंचोळी एमआयडीसीतल्या कारखान्यात उमेदीची वर्षं घालवलेला माणूस, उकाड्याबद्दल चकार शब्द नाही. घाम पुसत बसायचे, आणि जोडी तयार झाली की दुर्बिणीला डोळे लावून म्हणायचे, ‘‘झकास!’’

एकदा असंच ‘‘झकास, ओठ कसा भायेर आलाय बघ!’’ म्हणून त्यांनी दुर्बीण परत दिली. मी बघितलं तर उजव्या भिंगावर पुठ्ठ्याचा तुकडा घसरून बसलेला. त्या बाजूनं काहीच दिसत नव्हतं.

‘‘अहो, तुम्हाला ओठ दिसला कसा?’’

‘‘तूच म्हणतीस की भायेर येतो म्हणून.’’

मग उलगडा झाला. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू कधीचा पिकला होता आणि ह्यांनी ताकास तूर लागू दिली नव्हती. कुंडीबाहेर पडणारं पाणी, बशीच्या कडेला सांडणारा चहा, सगळं एका डोळ्याला अंतर न कळल्यानं होत होतं आणि मी निष्काळजीपणा म्हणून ह्यांचा उद्धार करत होते. वैरागला त्यांच्या थोरल्या भावाचं डोळ्याचं ऑपरेशन बिघडलं होतं, त्याची धास्ती. ‘‘एक डोळा चांगला हाय की. कशाला कारभार?’’ एवढंच पालुपद.

मी रागावले, अबोला धरला, काही चाललं नाही. शेवटी एका दुपारी रडूच आलं. मी म्हणाले, ‘‘हे फोटो दाखवायला मला तुमच्याशिवाय आहे कोण?’’ ते उठले. पंखा लावला आणि म्हणाले, ‘‘चल, कुटं जायचं ते सांग.’’

ऑपरेशन नीट झालं. पण डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, डोळ्याला दिसेल. इतके दिवस बाजूला पडलेला हा डोळा दुसऱ्याच्या जोडीनं बघेल का, ते मात्र बघावं लागेल. तेव्हापासून माझा जीव टांगणीला. पट्टी सुटली, थेंब संपले, मी जुन्या जोड्या त्यांच्यासमोर धरल्या. ‘‘झकास!’’ प्रत्येकीला झकास. आता ह्या झकासवर विश्वास ठेवायचा कसा? पाणी कधी कुंडीत पडे, कधी बाहेर. मी डोळ्यांत तेल घालून बघत होते आणि विचारायचं धाडस होत नव्हतं.

पुढे डेंड्रोबियम जातीचं जांभळं ऑर्किड फुललं. निम्मं लक्ष ह्यांच्याकडे ठेवूनच मी जोडी चिकटवली, स्वतः न बघताच दुर्बीण त्यांच्या हातात दिली आणि कुकर बंद करायला गेले. झकास ऐकू आलं नाही.

‘‘हे चुकलंय,’’ ते म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. एक तर घामाघूम होऊन काढलेले फोटो, त्यात सगळ्या आयुष्यात पहिल्यांदा हे नावं ठेवणार! ‘‘काय चुकलंय?’’

‘‘ओठ आत गेलाय की. काळं कापड पुढं आलंय, आन त्याला भोक पाडून आत फूल ठेवल्यागत दिसतंय. लई इचित्र.’’

मी दुर्बीण हिसकावून घेतली. खरंच. कापड पुढे, फूल मागे, ओठाच्या जागी खळगा. डावा फोटो मी उजवीकडे चिकटवला होता. जोडी उलटली की सगळं असं उलटं दिसतं, जवळचं लांब आणि लांबचं जवळ. पण ते उलटं दिसायलाही दोन्ही डोळे एकत्र बघावे लागतात. एका डोळ्याच्या माणसाला ही चूक सापडूच शकत नाही.

मी तीच जोडी परत त्यांच्या डोळ्यांसमोर धरली.

‘‘परत सांगा.’’

‘‘चुकलंय म्हटलं की. ओठ आत गेलाय.’’

‘‘परत सांगा.’’

ते गोंधळून माझ्याकडे बघायला लागले, दोन्ही डोळ्यांनी. ‘‘अगं, रागावलीस व्हय?’’