मधला तुकडा काढल्यावर

गेल्या रविवारी सकाळी राजारामपुरीतल्या एका मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात गेले होते... हातात माझा लहानपणीचा व्हिडिओ गेम. हातात धरून खेळायचा, छोट्या स्क्रीनचा. कपाट आवरताना सापडला, पण सुरूच होईना.

या गेमची थोडी हकिगत सांगावी लागेल. मला दम्याचा त्रास होता, म्हणून तिसरीपर्यंत मी शाळेत गेलेच नाही. काकी घरी ट्यूशन घ्यायची, तिनेच मला शिकवलं. शेजारी तिचा मुलगा सागरदादा बसायचा... माझ्यापेक्षा वर्षाने मोठा.

दादाकडे जुना, काळ्या-पांढऱ्या स्क्रीनचा गेम होता. माझ्या बाबांनी मला पुण्याहून त्याच्या पुढचं, रंगीत मॉडेल आणलं, सेकंडहँड. गेमची कॅसेट मात्र दोघांत एकच, दादाची. माझ्या मशीनबरोबर एक जाड तुकडा आला होता... तो मशीनला लावायचा आणि त्याच्या डोक्यावर कॅसेट खोचायची. जुनी कॅसेट नव्या मशीनला चालावी म्हणून हा मधला तुकडा असतो, असं आम्ही सगळे धरून चाललो. दादाचं मशीन कॅसेटच्याच जमान्यातलं, त्याला तो लागायचा नाही.

दुकानदाराने तुकड्याच्या पिना पुसल्या, मशीन सुरू केलं. नेहमीसारखी आधी इंग्रजी यादी आली. लहानपणी मला ती वाचता यायची नाही, मी बटण दाबून पुढे जायचे. त्याने मात्र वाचली... आणि हसायलाच लागला.

"ताई, हे मधी कशाला लावलंय? कॅसेट थेट बसती की." त्याने तुकडा काढला, कॅसेट सरळ मशीनमध्ये घातली. गेम सुरू! "ह्ये चीट करायचं यंत्र हाय. शक्ती कमी न होण्याचं ऑप्शन आधीच्या मालकानं चालू ठेवलंय बघा. कितीबी मार खावा, काय होत न्हाय."

मी तिथेच स्टुलावर बसले.

कारण तो गेम मी आठव्या वर्षी पूर्ण केला होता. खड्ड्यात पडलं की मरायचे, त्यामुळे शंका कधी आलीच नाही. शत्रूचा मार लागला तरी शक्तीची पट्टी हलायची नाही, तर मला वाटायचं मी ऐनवेळी चुकवला. दादा रोज तिसऱ्या स्टेजला अडकायचा... आणि काकी सगळ्या गल्लीसमोर म्हणायची, "बघ तिच्याकडं. तुझ्यानं एक गोष्ट तडीस जात न्हाय." पुढे गल्लीही तेच म्हणायला लागली. क्रिकेटमध्ये आउट झाला तरी तेच, गणितात मार्क कमी पडले तरी तेच.

मी इंजिनिअर झाले. दादाने दहावीनंतर आयटीआय केलं, आता शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत सुपरवायझर आहे, चांगलं चाललंय. यात त्या गेमचा वाटा किती, मला ठरवता येत नाही. शून्य म्हणायचं धाडसही होत नाही.

घरी येऊन तुकडा न लावता खेळून बघितला. पहिल्याच स्टेजमध्ये सोळा वेळा मेले. मोजलं, कारण मी अशा गोष्टी मोजते. दादाला मेसेज लिहिला, खोडला, परत लिहिला... मग कळलं, हे मेसेजवर सांगायचं नाही. स्कूटी काढली आणि तडक काकीकडे गेले.

दादा अंगणात बाइक धूत होता, काकी कांदा चिरत होती. मी दोघांना समोर बसवलं आणि मशीन, तुकडा हातात घेऊन सगळं सांगून टाकलं. एकही गोष्ट गाळली नाही.

काकी हसली. "असू दे गं! ल्हानपणीचं काय उकरून काढतीस?"

दादा हसला नाही. हातातलं फडकं पिळत राहिला.

"म्हंजे तिसरी स्टेज खरंच अवघड हाय व्हय?"

"दादा, मला पहिलीच जमत नाही."

त्याने हात पुसले, मशीन घेतलं आणि पायरीवर बसला. वीस वर्षांनी. पहिली स्टेज गेली, दुसरी गेली... तिसरीत अर्ध्यावर मेला. मान वर न करता परत सुरू केली. काकी सुरी ठेवून त्याच्या मागे येऊन उभी राहिली.

मग म्हणाली, "मी लई बोलले रं तुला."

"व्हय, लई बोललीस," दादा स्क्रीनवरून नजर न हलवता म्हणाला. "आता गप ऱ्हा, उडी चुकंल."

काकी खरंच गप्प राहिली. कांद्याने की कशाने, डोळे पुसत होती. त्या दिवशी तिसरी स्टेज काही पार झाली नाही. पण निघताना दादाने मशीन माझ्याकडून मागून घेतलं, "आठ दिवस ऱ्हाऊ दे." तुकडा मात्र परत दिला.

हे इथे लिहितेय ते त्याला विचारून. तो "नको" म्हणाला, मग "लिव्ह, पर माझा फोटू टाकू नगंस." तेव्हा जे बोललं गेलं ते सगळ्यांसमोर, म्हणून दुरुस्तीही सगळ्यांसमोर. आमच्या गल्लीतले निम्मे लोक इथे माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहेत... तर वाचा. मी तो गेम पूर्ण केला नव्हता. सागरदादा नऊ वर्षांचा असताना कुठल्याही मदतीशिवाय रोज तिसऱ्या स्टेजपर्यंत पोचायचा, आणि दुसऱ्या दिवशी परत पहिल्यापासून सुरू करायचा.