डच गाय आणि माझी सोयरीक

मला मुलगी पसंत पडली नाही, असं कधी झालंच नाही. अडचण कायम समोरून यायची.

वाळूजच्या कारखान्यात शिफ्टला जाणाऱ्या मला तीन ठिकाणांहून नकार आला होता. चौथं स्थळ क्रांती चौकाजवळचं. मुलगी वैशाली, शाळेत चित्रकला शिकवायची. तिनं निरोप धाडला, "कांदेपोहे नकोत. शहरात सतराव्या शतकातल्या डच चित्रांचं प्रदर्शन लागलंय, तिथंच भेटू."

कारण मध्यस्थाला मीच सांगून बसलो होतो, की मला चित्रांतलं लई कळतं! (शाळेत मी मोर काढला, तर सर म्हणाले, "वांगं झकास जमलंय.") पण वैशाली फोटोवरूनच मनात भरली होती. ही हुकली तर संपलंच.

वडीलधारं माणूस म्हणून बिडकीनहून नाना आले, माझे चुलते. सगळा जन्म गोठ्यात गेलेला. मी रस्ताभर बजावलं, "नाना, तिथं गाईम्हशीचं नाव काढायचं नाय."

"नाय बा. गप ऱ्हातो."

आत गेलो, तर समोर भिंतभर गाय! शेजारी बाई बसून धार काढतीय.

तेवढ्यात वैशाली आणि तिचे वडील आले. मी घाईनं सुरू झालो, "बघा, प्रकाश कसा... अगदी उजेडासारखा पडलाय!"

"हे खोटं हाय," नाना म्हणाले. "वासरू कुठंय? वासराबिगर गाय पान्हा सोडंल व्हय?"

"नाना!" मी दातओठ खाल्ले. "चित्रकारानं मुद्दाम दाखवलं नाय. ते... अदृश्य वासरू आहे!"

वैशालीची भुवई वर गेली. मला दरदरून घाम फुटला. "साडेतीनशे वर्षं झाली," मी म्हणालो, "पण रंगाचा वास बघा, अजून ताजा!" आणि रुबाबात बाजूच्या भिंतीला टेकलो.

रखवालदार शिट्टी फुंकत धावत आला. "अजी भाईसाब, हटो! तस्वीरां सब छपेली नकलां हैं. बास तो दीवार की है, आज सुबो रंग मारे!"

मी हटलो. शर्टावर पिवळा रंग, भिंतीवर माझी अख्खी पाठ. सगळ्या प्रदर्शनात अस्सल कलाकृती तेवढी एकच!

इकडं वैशाली नानांना विचारत होती, "मग धार कशी काढतात हो?" नाना तिथंच उकिडवे बसले आणि गुडघ्यांत टोपी धरून मुठी चालवायला लागले. तिचे वडीलही कडक इस्त्रीच्या पँटीत खाली बसले. "लहानपणी आमच्याकडं बी व्हती एक!" सगळे खो खो हसत होते. वैशालीनं पर्समधून वही काढून भराभर चित्र काढायला घेतलं. मी रंगलेली पाठ भिंतीकडे करून कोपऱ्यात ताठ उभा. गेलं हेही स्थळ.

आणि संध्याकाळी होकार! मी नानांना उचलून घरभर नाचलो.

लग्नानंतर लाजत लाजत विचारलं, "माझ्यात काय बघितलंस गं?"

तिनं वही उघडली. नाना, त्यांच्या मिशा, तिचे वडील, रखवालदाराची शिट्टी, सगळं हुबेहूब.

"आणि कोपऱ्यात ताठ उभा आहे, तो मी ना?"

"नाही हो," ती म्हणाली. "तो आग विझवायचा सिलिंडर आहे."