न ऐकताच दिलेला होकार

दुकानात सगळे त्याला कानसेन म्हणत. हे नाव थोरल्या मालकांनी ठेवलेलं. पुढे विकायला मांडलेली वाद्यं, मागे दुरुस्तीची खोली, आणि त्या खोलीत पियानोच्या पोटात डोकं घालून बसलेला कानसेन, असं ते दुकान पिढीभर चाललं होतं. पियानोच्या बहुतेक पट्ट्यांना आत तीन-तीन तारा असतात. तिन्ही एका सुरात असल्या की आवाज सरळ जातो. त्यातली एखादी केसभर उतरली की आवाजात लहर उठते. कानसेन तारेच्या खुंटीला किल्ली लावून फिरवायचा, लहर मंदावायची, आणखी मंदावायची आणि थांबायची. ती थांबली की तो पुढच्या पट्टीकडे वळायचा. याच कामावर त्याने लेकीला शिकवलं, तिचं लग्न केलं, बायकोचं आजारपण काढलं.

तीच लहर गेली दोन वर्षं त्याला उजवीकडच्या टोकाच्या, वरच्या सुरांच्या पट्ट्यांत ऐकू येईनाशी झाली होती. तिथे तो मनगटाच्या सवयीवर किल्ली फिरवायचा. त्या पट्ट्या फारसं कुणी वाजवत नाही, म्हणून अजून निभावलं होतं. माणसांच्या बोलण्यातलीही काही अक्षरं गळू लागली होती. त्यावर त्याने सोपा तोडगा काढला होता. ऐकू आलं नाही की मान डोलवायची आणि म्हणायचं, "हो हो." दहातल्या नऊ वेळा माणसांना तेवढंच हवं असतं.

हंगाम सुरू व्हायच्या आधी नाट्यगृहातला मोठा पियानो लावायला दरवर्षी कानसेनच जायचा. रिकाम्या सभागृहात, एका दिव्याखाली, तो आणि ते काळं धूड. बाकीची घरगुती कामं दुकानातल्या दुसऱ्या कारागिराला गेली तरी कानसेनला वाईट वाटत नसे. तो दुसरा कारागीर तारा लावताना कानाऐवजी यंत्राच्या काट्याकडे बघायचा, म्हणून त्याचं नाव मीटर. मिशीवाला, दोन पोरांचा बाप, माणूस वाईट नव्हता. पण नाट्यगृहाचा पियानो मीटरकडे जाणं म्हणजे आपण संपलो, असं कानसेनने मनाशी पक्कं धरलेलं होतं. म्हणून आधी कानाचा बंदोबस्त करायचा, ऐकायचं यंत्र बसवून सवय करायची, आणि मग हंगाम उरकल्यावर आपणहून सगळ्यांना सांगायचं, असा त्याचा बेत होता.

एका दुपारी सगळे जेवायला गेलेले बघून तो गल्ल्यावरच्या कॉम्प्युटरसमोर बसला. दुकानात कॉम्प्युटर तो एकच. मालकीणबाई, हिशेबनीस, मीटर, सगळे त्यावरच तारांच्या ऑर्डरी देत. कानसेनने कानाच्या यंत्रांची एक वेबसाइट उघडली. पान उघडलं न उघडलं तोच अर्ध्या पडद्यावर एक चौकट आडवी आली. तुमची गोपनीयता आम्हाला मोलाची वाटते, वगैरे बारीक अक्षरात बरंच काही होतं. खाली मोठं हिरवं बटण होतं, 'सगळं मान्य'. कडेला, डोळे ताणल्याशिवाय दिसणार नाही अशा करड्या अक्षरात आणखी काहीतरी होतं. कानसेनने ते वाचलं नाही. समोरच्याचं बोलणं कळलं नाही की जे करायचं तेच त्याने केलं. मनात हो हो म्हणत हिरवं बटण दाबलं.

यंत्रं बघितली. एक आवडलंही, कानामागे लपणारं. मग त्याने पान बंद केलं आणि हिशेबनीसाने एकदा दाखवल्याप्रमाणे, बघितलेल्या पानांच्या यादीतून ते पान पुसूनही टाकलं. काम झाल्यावर कारागिराने हत्यारं पुसून बाक मोकळा करायचा, ही दुकानाची रीत. बाक मोकळा झाला, असं त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी हिशेबनीस हवामान बघायला बसला, तर बाजूला जाहिरात: 'आवाज अस्पष्ट ऐकू येतो? लाजू नका.' मीटर तारांचे भाव बघायला बसला, तर तिथेही तेच. बातम्यांत तेच, रेल्वेच्या वेळापत्रकात तेच. ती जाहिरात हात धुऊन दुकानाच्या मागे लागली. गल्ल्यावर सगळ्यांत जास्त वेळ हिशेबनीस बसायचा, म्हणून बालंट त्याच्यावर आलं.

"हिशेबनीस, घेऊनच टाका यंत्र," मीटर म्हणाला. "मालकीणबाई पगारवाढीला नाही म्हणतात, ते तरी नीट ऐकू येईल."

हिशेबनीस पहिल्यांदा हसला, मग चिडला, आणि शेवटी त्याला स्वतःचीच शंका येऊ लागली. कुणी बघत नाहीसं पाहून तो कानाशी चुटकी वाजवून बघायचा. मागच्या खोलीतून कानसेन हे पाहत होता. त्याच्या तळपायाची आग मस्तकात जात होती, पण तो पुन्हा पियानोत डोकं घालत होता. एका दुकानात जाऊन नुसती वस्तू बघावी आणि त्या दुकानदाराने आपल्यामागे माणूस लावून जाईल तिथे आरोळी ठोकावी, असला हा प्रकार. आणि आरोळी कुणासाठी आहे हे आपल्या एकट्याला ठाऊक.

त्याच आठवड्यात नाट्यगृहाचे व्यवस्थापक आले. पियानोची तारीख ठरवायची होती आणि वाजवणाऱ्यासाठी नवं आसन घ्यायचं होतं. मालकीणबाईंनी आसनाचं चित्र दाखवायला पडदा त्यांच्याकडे वळवला. कानसेन शेजारीच उभा होता. आसनाच्या बाजूला एक पांढऱ्या केसांचा म्हातारा सगळे दात दाखवून हसत होता. त्याच्या कानामागे तेच यंत्र. खाली लिहिलं होतं: 'तुम्ही पाहिलेलं मॉडेल अजून उपलब्ध आहे.'

"कुणी पाहिलं बुवा?" व्यवस्थापकांनी हसत विचारलं.

"माझ्याकडे बघू नका," हिशेबनीस तिकडून म्हणाला. "मी कंटाळलोय आता."

मालकीणबाई हसल्या नाहीत. त्या कानसेनकडे वळल्या आणि खालच्या आवाजात काहीतरी म्हणाल्या. कानसेनला ओठ हललेले दिसले. त्याने मान डोलावली.

"हो हो," तो म्हणाला.

व्यवस्थापक आसनाच्या चित्राकडे टक लावून बघू लागले. मीटरने हातातलं फडकं उगीच घडी करून ठेवलं. काय झालं हे कानसेनला कळेना. व्यवस्थापक गेल्यावर हिशेबनीस जवळ आला आणि त्याच्या त्यातल्या त्यात बऱ्या कानाशी वाकून सांगू लागला. मालकीणबाईंनी विचारलं होतं, "कानसेन, हे तुम्ही बघत होतात का?"

संध्याकाळी मालकीणबाईंनी त्याला बोलावून घेतलं. गोड शब्दांत आणि यावेळी मोठ्याने सांगितलं, की यंदा नाट्यगृहाला मीटर जाईल. फक्त यंदा. तुम्ही तब्येतीला जपा. कानसेन उलट्या पावली बाहेर पडला. टोपी दुकानातच राहिली.

रविवारी लेक आली. बायको गेल्यापासून ती दर रविवारी यायची, बापाचा फ्रिज उघडून नाक मुरडायची आणि मग स्वयंपाकाला लागायची. ती वेबसाइटी बनवणाऱ्या एका कंपनीत होती. कानसेनने दुकानातला सगळा प्रकार तिला सांगितला. मात्र ऐकू कमी येतं म्हणून नव्हे, सहज कुणासाठी तरी बघत होतो, असं म्हणाला. तिने मान वर केली, त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा कांदा चिरू लागली.

मग तिने समजावून सांगितलं. वेबसाइट उघडली की ती तुमच्या ब्राउझरमध्ये एक छोटी चिठ्ठी ठेवून जाते. तिला कुकी म्हणतात. काही चिठ्ठ्या कामाच्या असतात. तुम्ही खरेदीच्या टोपलीत काय टाकलंत, मागच्या वेळी कुठली भाषा निवडलीत, हे त्यांच्यामुळे लक्षात राहतं. पण त्याच पानावर जाहिरातवाल्या कंपन्याही बसलेल्या असतात, त्याही आपली चिठ्ठी ठेवतात. या कंपन्या हजार पानांवर असतात. तुम्ही पुढच्या पानावर गेलात की तिथे बसलेला त्यांचा माणूस चिठ्ठी वाचतो, म्हणतो, हा तोच, यंत्र बघणारा. यादीतून पान पुसलं तरी चिठ्ठी जात नाही, ती वेगळी पुसावी लागते. आणि कॉम्प्युटर एकच असला की चिठ्ठी एकाची आणि ताप सगळ्यांना.

"पण बाबा, तुमचं नाव त्यांना ठाऊक नसतं," ती म्हणाली.

"त्यांना नाव हवंय कशाला?" कानसेन उसळला. "नाव मालकीणबाईंना ठाऊक आहे. ह्यांनी फक्त बोट दाखवलं."

तिने चिरलेला कांदा बाजूला सारला.

"आणि ते बटण हिरवं. दुसरं दिसूसुद्धा नये असं. कुणी केलं ते?"

"आमच्यासारख्यांनीच."

"चुकून?"

"नाही. मुद्दाम." तिने सुरी खाली ठेवली. "दोन तऱ्हेच्या चौकटी करून बघतात. जिच्यावर जास्त लोक हो म्हणतात ती ठेवतात. मी स्वतः केल्यात. माणूस घाईत असतो, कंटाळलेला असतो, त्याला कळत नसतं. मग तो हो म्हणतो. सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे."

कानसेनच्या अंगाचा तिळपापड झाला. तो तिला वाटेल ते बोलला. माणसाच्या अडचणीवर टपून बसता, म्हणाला. आंधळ्याला रस्ता ओलांडून देण्याच्या मिषाने त्याचा खिसा चाचपता, म्हणाला. यासाठी शिकवलं का तुला, असंही म्हणाला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग हात धुतले, नळ बंद केला आणि त्याच्या समोर, त्याला तोंड दिसेल अशी येऊन बसली.

"बाबा, हिवाळ्यात इथेच, या ओट्याशी मी तुम्हाला विचारलं होतं. या कामाचा मला वीट आलाय, नोकरी सोडू की राहू? तुम्ही काय म्हणालात, आठवतंय?"

त्याला आठवत नव्हतं. नळ चालू असणार.

"हो हो म्हणालात. सोडू की राहू, याला हो हो. मी दोन दिवस विचार करत होते, तुम्ही हो म्हणालात ते कशाला. मग राहिले."

कानसेनला हसू येईल असं तिला वाटलं असावं. तिच्याच तोंडावर थोडं आलं होतं. त्याला नाही आलं. तो उठून खिडकीशी गेला. खालच्या रस्त्यावर माणसं तोंडं हलवत जात होती.

"किती दिवस माहीत आहे तुला?" त्याने पाठमोऱ्यानेच विचारलं.

"टीव्हीचा आवाज खालच्या मजल्यावर जायला लागला तेव्हापासून," ती म्हणाली. मग त्याला ऐकू गेलं नसेल म्हणून उठून जवळ आली आणि पुन्हा म्हणाली.

सोमवारी दुकान उघडताच कानसेन गल्ल्याशी बसला. लेकीने सांगितल्याप्रमाणे सेटिंगमध्ये जाऊन साठलेल्या कुकी पुसल्या आणि परक्या कंपन्यांच्या कुकी अडवायचा पर्याय निवडला. दुकानाचं ऑर्डरींचं खातं त्यात लॉगआउट झालं आणि पासवर्ड पुन्हा टाकावा लागला, म्हणून हिशेबनीस कुरकुरला. कानसेनने सगळ्यांसमोर त्याला सांगितलं, की ती जाहिरात माझी होती, तुमच्या कानांना काही झालेलं नाही. हिशेबनीसाने नकळत बोटं कानाशी नेली आणि मग खिशात घातली.

नंतर तो मालकीणबाईंकडे गेला. बसला नाही.

"वरच्या टोकाच्या पट्ट्या मला ऐकू येत नाहीत," तो म्हणाला. "दोन वर्षं झाली. लपवलं, ही माझी चूक. त्याची शिक्षा द्या. पण ही बातमी माझी होती. कधी सांगायची, कुणाला सांगायची, हे मी ठरवणार होतो. ती तुम्हाला बाजारातून कळली आणि तुम्ही ती चार लोकांत मला विचारलीत. याचा मला राग आहे. तुमचाही आहे."

मालकीणबाई टेबलावरच्या पेनशी चाळा करत, मान खाली घालून काहीतरी पुटपुटल्या. कानसेनची मान डोलायला निघालीच होती. त्याने ती आवरली.

"ऐकू नाही आलं. पुन्हा सांगा."

त्यांनी वर पाहिलं. "माझं चुकलं, म्हटलं," त्या मोठ्याने म्हणाल्या. "पण नाट्यगृहाला यंदा मीटरच जाईल. वरच्या पट्ट्या तुम्हाला ऐकू येत नाहीत, हे आत्ता तुम्हीच सांगितलंत. यंत्र बसवा. पुढच्या हंगामाला बघू."

कानसेनला उत्तर आवडलं नाही. पण ते पूर्ण ऐकू आलं होतं. त्याने टोपी घेतली आणि अर्ध्या दिवसाची रजा सांगितली. जाताना मीटरच्या बाकाशी थांबला आणि तुसडेपणाने म्हणाला, की त्या पियानोची डावीकडची तिसरी खुंटी सैल आहे, काट्याला ते कळायचं नाही, दोनदा बघ. मीटर म्हणाला, "बघतो, काका." कानसेन रस्त्यावर आल्यावर पाय जरा जोराने आपटत चालला.

कानाचा दवाखाना दोन चौक पुढे होता. खिडकीतल्या मुलीने त्याचं नाव विचारलं आणि एक टॅब्लेट पुढे सरकवला. पडद्यावर बारीक मजकूर आणि खाली मोठं हिरवं बटण.

"इथे फक्त दाबा, आजोबा," ती म्हणाली.

त्याने चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि पहिल्या ओळीपासून वाचू लागला. तपासणीचे निकाल दवाखान्याकडे राहतील, हे ठीक होतं. पुढे 'आमचे निवडक भागीदार' आले. कानसेनचे ओठ घट्ट मिटले. पाठीमागे रांग वाढू लागली. कुणीतरी सुस्कारा टाकला, कुणीतरी मोठ्याने विचारलं की म्हाताऱ्याला दिसत नाही का.

"दिसतंय," कानसेन मागे न बघता म्हणाला. मग त्याने टॅब्लेट मुलीकडे फिरवला. "दवाखान्याला हो. या भागीदारांना नाही. 'नाही' कुठे आहे यात?"

तिला हे आजवर कुणी विचारलेलं नसावं. तिने पडदा वर सरकवला, खाली सरकवला, कपाळाला आठी घातली आणि खुर्चीवरून उठून बाहेर त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. मग रांगेला तसंच तिष्ठत ठेवून दोघं त्या बारीक मजकुरात 'नाही' शोधू लागले.