फळीवरची बॅटरी

आमचे हे बॅटरीवाले. मोटरसायकलच्या बॅटऱ्या तपासून, भरून देतात. थंडी पडली की सकाळी दुकानापुढे ही रांग! गाडी सुरू होत नाही म्हणून एकेकाचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. यांचं भाषण ठरलेलं. "बटणावर अंगठा ठेवून बसू नका, दमते ती. आधी दिवा बंद, मग क्लच, मग बटण." बॅटरीच्या टोकांवर पांढरं धरलं असेल तर कोमट पाण्याने धुणार, पुसून ग्रीस लावणार आणि वर बजावणार, "भरली की चार्जरवरून काढा. पोट भरलेल्याला वाढत राहिलात तर मरेल." बोलायला लागले की ऐकत राहावं असा माणूस. म्हणजे, पूर्वी.

गेल्या हिवाळ्यात आमचा मुलगा गेला. ताप डोक्यात गेला, म्हणाले डॉक्टर. तेव्हापासून हे ढिम्म. रडले नाहीत, चिडले नाहीत. वाढलं तर जेवणार, नाही वाढलं तर विचारणार नाहीत. एकदा मी मुद्दाम भाजीत मीठ घातलं नाही. गपचूप खाल्ली. मला तरी कुठे काय वाटत होतं म्हणा! भांडी घासायची, कपडे वाळत घालायचे, दिवस ढकलायचा.

मुलाची गाडी अंगणात ताडपत्रीखाली. बॅटरी तेवढी यांनी काढून आत आणली, गारठ्याने बसेल म्हणून. मुलाच्या खोलीत लाकडी फळीवर ठेवली, फरशीचा गारवा लागू नये म्हणून. दर रविवारी चार्जर लावायचा तो संध्याकाळी काढायचा. आतलं पाणी सारखं कमी व्हायचं, हे सारखं घालायचे. सून त्याच खोलीत झोपते. ती बिचारी चकार शब्द बोलली नाही. मीही नाही. करतायत काहीतरी, करू देत.

सुनेला एका बेकरीत काम लागलं. पहाटेची पाळी, आणि थंडीत बस आली तर आली. दोनदा उशीर झाला. मालक म्हणाला, "आता झालं तर येऊच नकोस." काम गेलं तर ती भावाकडे जाणार होती. मला तोंडावर सांगितलं तिने, "आई, इथे नुसती बसून राहिले तर वेड लागेल मला." ती गेली की या घरात आम्ही दोन ओंडके. ती राहावी, एवढंच एक मला अजून हवंसं वाटत होतं.

जेवताना ती म्हणाली, "बाबा, उद्यापासून गाडी नेऊ?"

"बॅटरी नाही तिच्यात."

कपाळ माझं! माझं डोकंच फिरलं. "नाही कशी? खोलीत फळीवर बसलीय ती काय, उशी आहे? गेलेल्याच्या बॅटरीला पाणी पाजताय आणि जिवंत पोर घरातून चाललीय, ते दिसत नाही होय?"

हे ताटावरून उठले.

पहाटे उठून बघते तर हे अंगणात. ताडपत्री घडी घालून ठेवलेली, टाकीत ताजं पेट्रोल, बॅटरी बसवलेली. हातमोजे नाहीत, बोटं निळी पडलेली. गाडी मिळणार म्हणून सुनेने बसही सोडली होती. हेल्मेट घालून उभी होती. यांनी बटण दाबलं. टक. पुन्हा दाबलं. टक, टक. दिवा लालसर झाला आणि विझला. या गाडीला किकही नाही.

यांनी मीटर लावून पाहिलं. "मीच मारली," म्हणाले. "दर रविवारी दिवसभर लावून ठेवली. आतल्या प्लेटा झडल्या."

अति तेथे माती! जगाला शहाणपण शिकवणारा माणूस तो. सून हेल्मेट काढायला लागली.

"थांब," हे म्हणाले. ती बॅटरी सोडवली आणि खाली ठेवली. फळी नाही, काही नाही, गार फरशीवर. मग स्वतःच्या गाडीची बॅटरी काढली, मुलाच्या गाडीत बसवली. बोटं वळत नव्हती, नट दोनदा पडला. सुनेने उचलून दिला.

"दिवा बंद. क्लच दाब. हं, आता बटण."

गाडी एका दमात सुरू झाली. वर्षभराने तो आवाज अंगणात आला. रोज या आवाजावर मी चहा टाकायची. सून म्हणाली, "येते आई, येते बाबा," आणि गेली. पोचल्यावर फोन केला, वेळेत पोचले म्हणून.

यांनी मुलाची बॅटरी उचलली आणि भंगाराच्या पेटीत नेऊन ठेवली. आत आले तेव्हा हात लाकूड झाले होते. मी कोमट पाण्याचं पातेलं पुढे केलं. हात बुडवले आणि ओरडलेच, "आई गं! झोंबतंय गं, फार झोंबतंय!" डोळ्यांतून घळाघळा पाणी. वर्षभरात या माणसाने काही दुखतंय म्हणून सांगितलं नव्हतं.

"काढू का हात?"

"नाही," मी म्हटलं, आणि त्यांची मनगटं पाण्यातच धरून ठेवली.