टेलचा मुक्काम

दुपारचे पाच वाजलेत, खिडकीबाहेर लख्ख ऊन आहे, आणि मालनबाईंच्या अंगाला मात्र रात्रीचे साडेनऊ झाल्याची खात्री आहे. इंग्लंडात येऊन चार दिवस झाले तरी त्यांचं शरीर अजून फलटणच्या घड्याळावरच चालतंय. लेकीच्या सोफ्यावर त्या नुसत्या टेकल्यात. झोपायचं नाही असं त्यांनी स्वतःला दोनदा बजावलंय, आणि एवढं बजावल्यावर झोप आली नाही तरच नवल.

वरच्या खोलीत सुजाता, त्यांची लेक, फोनपाशी बसलीय. शनिवारी बोट नेणार की नाही, ते सहाच्या आत बोटवाल्याला कळवायचं आहे. नाही म्हणायचं जवळजवळ ठरलंय. मालनबाई "तू म्हणशील तसं" म्हणाल्या खऱ्या, पण म्हटल्यापासून त्यांना ते खुपतंय.

बोटीचं खूळ मूळचं रंगनाथरावांचं, म्हणजे मालनबाईंच्या यजमानांचं. पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक म्हणून त्यांनी चौतीस वर्षं काढली. पाणी धरणातून सुटायचं, उतारानं यायचं, दारं उघडून ते शेतांकडे जाणाऱ्या चाऱ्यांना वाटायचं; पाण्याला त्यांनी आयुष्यभर खालीच जाताना पाहिलेलं. दोन वर्षांपूर्वी दोघं लेकीकडे आले आणि इथल्या कालव्यावर फिरताना त्यांनी लॉक पाहिलं. लॉक म्हणजे कालव्यातच बांधलेला दगडी हौद, दोन्ही तोंडांना लाकडी दारं. बोट आत घ्यायची, मागचं दार लावायचं आणि वरचं पाणी हौदात सोडायचं. बोट माणसांसकट, त्यांच्या हातातल्या चहासकट वर उचलली जाते आणि पुढच्या दारातून वरच्या कालव्यात निघून जाते. असे हौदामागून हौद ओलांडत इथले लोक बोटीत बसून टेकडी चढतात. रंगनाथराव तीन तास त्या काठावर बसून होते. उठले तेव्हा डोळे ओले होते. वाऱ्यानं पाणी आलं म्हणाले.

घरी परतल्यावर इथले नकाशे आणि फोटो बघून त्यांनी वही केली. सहा दिवसांची सफर, कोणत्या दिवशी किती लॉक, रात्री बोट कुठं बांधायची. बोट एका टोकाला घ्यायची आणि दुसऱ्या टोकाला परत द्यायची. इथल्या गावांची नावं त्यांच्या जिभेला वळत नव्हती, म्हणून मुक्काम त्यांनी आपल्याच खुणांनी लिहिले: पडकी गिरणी, पांढरं दार, दोन पुलांमधला काठ. मालनबाईंना या सगळ्याचा वैताग आला होता. अख्खा संसार पाटाकडेच्या क्वार्टरमध्ये झाला, ओलीनं भिंती फुगल्या, न्हाणीत साप निघाले, आणि आता म्हातारपणी विमानानं जाऊन परत पाटच बघायचा? "मी काही त्या बोटीत बसायची नाही," असं त्यांनी स्वच्छ सांगून टाकलं. त्यानंतर पंधराव्या दिवशी रंगनाथराव दाढी करताना खाली बसले ते उठलेच नाहीत. ते वाक्य मालनबाईंना परत घेता आलं नाही.

वर्ष सरल्यावर सुजातानंच विषय काढला. बाबांची वही आहे, त्याबरहुकूम आपण जाऊ या, म्हणाली. आज सकाळी तिनं बोटवाल्याला वहीतली पहिली नोंद वाचून दाखवली: मुक्काम पहिला, दोन पुलांमधला सपाट काठ, बाक आहे, पायऱ्या नाहीत. बोटवाला हसला. ती जागा पार दुसऱ्या टोकाला आहे, बाई. बोट माणसाच्या चालीनं चालते, पहिल्या संध्याकाळी तिथं कसे पोचाल? सुजातानं वही मिटली. पहिलंच चुकलं तर पुढचं काय धरायचं. "बाबांचा शेवटी शेवटी गोंधळ उडत होता गं आई," असं ती हळूच म्हणाली. मालनबाईंना ते फार लागलं. ज्या माणसानं चौतीस वर्षांत पाण्याची एक पाळी चुकवली नाही, त्याचा गोंधळ?

हाताखालचा सोफा गार लागतोय. ओलाही लागतोय.

मालनबाई बघतात तर तो दगड आहे, काठाचा, शेवाळलेला. जिन्यावर पाणी वाहतंय, का कुठलं तरी दार उघडलंय आणि त्यातून पाणी सुटलंय. त्या पाटाच्या कडेच्या मुरुमाच्या रस्त्यावर उभ्या आहेत, फलटणच्या, पायात घरातल्या चपला. दोन्ही बाजूंना ऊस आहे आणि आकाशाचा रंग मात्र इंग्लंडातला, फिका.

पाटातून एक लांबलचक बोट येतेय. माजघराहून अरुंद, हिरवी. मागच्या टोकाला रंगनाथराव उभे आहेत, खिशाला पेन, डोक्याला मफलर. मेलेल्या माणसाला बघून घाबरायला हवं, हे मालनबाईंच्या लक्षात येतं, पण भीती काही येत नाही. त्यांना फक्त आपण घरातल्या चपलांवर आलो याची लाज वाटते.

"आलीस व्हय?" ते म्हणतात.

बोट थांबत नाही. मालनबाई काठानं चालू लागतात. माणसाच्या चालीनं चालणारी बोट आणि तिच्या शेजारून चालणारं माणूस, बोलायला याहून सोयीचं काय असणार. गेली दहा वर्षं जिना म्हटला की धडकी भरवणारे त्यांचे गुडघे आता दुखत नाहीत. त्या विचारतात, जेवलात का. ते मान हलवतात. त्या हो की नाही हे विचारायला जातात, तेवढ्यात शाळेजवळचा फॉल येतो. पाट एकदम पुरुषभर खाली उडी मारतो तो फॉल, आवाजानं वर्गातलं काही ऐकू यायचं नाही तो. आज तिथं आवाज नाही. दगडी हौद आहे, आणि बोट खालच्या बाजूनं त्यात शिरलीय.

"दार लाव," रंगनाथराव म्हणतात.

दाराला लांब लाकडी दांडा आहे. मालनबाई त्याला पाठ लावतात आणि रेटतात. देवळाच्या दाराएवढं दार त्यांच्या एकटीच्या पाठीनं सरकतं, शांतपणे, आणि लागतं. मग पाणी भरू लागतं. ते वरून कोसळत नाही, बोटीच्या बुडाखालून उभं राहतं. रंगनाथरावांचं डोकं काठाच्या वर येतं, मग खांदे, मग ते मालनबाईंच्या डोळ्यांशी डोळे आणतात, आणि अजून वर जातात. चौतीस वर्षं या माणसाच्या अंगाला येणारा पाण्याचा वास मालनबाईंनी घेतला, पण पाण्यात हे आहे हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"बघ," ते हळू आवाजात म्हणतात. "ढकलत कुणी न्हाई. वढत कुणी न्हाई."

पुढचं दार उघडतं. पुन्हा हौद, पुन्हा दार, पुन्हा ते उभं राहणारं पाणी. किती झाले ते मोजणं मालनबाई सोडून देतात. खाली ऊस गवतासारखा दिसतो. साखर कारखान्याची चिमणी खाली राहते, मग धरणसुद्धा खाली राहतं, ताटात वाढल्यासारखं. ढगांच्या उंचीवरून एक पाट चाललाय, सपाट, गप्प, आणि त्यात आभाळ आहे. मालनबाई आपोआप हात जोडतात. कुणाला जोडले हे त्यांना माहीत नाही. त्यांना रडू येतं आणि ते दुःखाचं नाही, एवढं मात्र कळतं.

आता कालवा त्यांच्या क्वार्टरच्या स्वयंपाकघरातून जातोय. एका काठाला ओटा, दुसऱ्या काठाला डब्यांची फळी. गॅसवर दूध आहे. मालनबाई जाता जाता गॅस बारीक करतात आणि मनात दोन वर्षं अडकलेलं विचारून टाकतात.

"माझ्यावर चिडला होतात का हो?"

"चिडलो की. दोन दिवस."

खोटं बोलून बरं वाटवणं त्यांना जिवंतपणी जमलं नव्हतं, ते आताही जमत नाही. मालनबाईंना उलट धीर येतो. मग त्या विचारतात, तिसऱ्या दिवशी काय केलंत?

"वही फाडली. नव्यानं लिवली. टेलपास्नं."

आणि मालनबाईंना लख्खकन कळतं. कळायला हवंच होतं, सगळा जन्म हा शब्द कानावर पडलेला. टेल म्हणजे पाटाचं शेवटचं टोक. पाणी सुटलं की वरचे लोक आधी आपली रानं भिजवून घेतात आणि टोकाच्या माणसापर्यंत काही उरत नाही. म्हणून पाळी लावताना आधी टेलचा माणूस धरायचा, त्याचं नक्की करायचं, आणि मग एकेक पायरी वर यायचं. रंगनाथरावांनी सफरीचीही पाळीच लावली होती. त्यांचा पहिला मुक्काम हा शेवटचा मुक्काम होता.

"म्हणलं, सगळी सफर न्हाई, पर शेवटच्या दिवशी तरी येईल. सुजी गाडीनं आणून सोडंल." ते पुढं बघत बोलतात, जसं कायम बोलायचे. "म्हणून आधी ती जागा बघितली. काठ सपाट. पायऱ्या न्हाईत. तुझं गुडघं."

मालनबाई चालायच्या थांबतात. सगळ्या पाटावर टेलला बसलेलं माणूस त्याच होत्या, आणि हे त्यांना माहीतच नव्हतं.

पुढं शेवटचा हौद आहे. हा उतरायचा. बोट काठोकाठ भरलेल्या पाण्यावर आत शिरते, आणि रंगनाथराव दोराचं टोक मालनबाईंकडे टाकतात. काठावर एक लोखंडी खुंटा आहे. मालनबाई दोराचा वेढा खुंट्याला देतात, टोक दोन्ही हातांत गच्च धरतात. मागचं दार लागतं, खालच्या दारातली झडप उघडते. पाणी जाऊ लागतं, बोट उतरू लागते, दोर ताणतो. त्या सोडत नाहीत. एकदा ‘बसायची नाही’ म्हणून सोडलं होतं, आता सोडायचं नाही.

बोट तिरपी होते. दोराला लटकते आणि तिच्याखालचं पाणी निघून जात राहतं. आतली भांडी खणखणत एका बाजूला घसरतात. रंगनाथरावांनी कड धरलीय.

"मालन," ते म्हणतात. लग्नानंतर त्यांनी बायकोला नावानं चारदा हाक मारली असेल. "दोर सोडत ऱ्हा. टाकायचा न्हाई, धरून बी ठेवायचा न्हाई. पाणी जाईल तसा द्यायचा."

मालनबाई मुठी सैल करतात. दोर तळव्यांतून सरकायला लागतो, खरखरीत, गरम. बोट सरळ होते. वीतभर, हातभर, रंगनाथराव खाली जातात. मफलर दिसतो, मग नुसता वर केलेला चेहरा, आणि तो इतका खाली जाऊनही लहान होत नाही. तळाशी दार उघडतं. दारापलीकडे कालवा नाही. नुसतं पाणी आहे, दुसरा काठ नसलेलं, आणि ते सगळं आतून उजळलंय. एवढं पाणी टेलला पोचलेलं रंगनाथरावांनी उभ्या हयातीत पाहिलं नव्हतं. ते एकदा वर बघतात. दोराचं टोक मालनबाईंच्या बोटांतून निघून जातं.

"आई, मी बोटवाल्याला ‘नाही’ म्हणून कळवते मग."

ऊन सोफ्यावर आलंय. घड्याळात पावणेसहा. सुजाता जिन्याच्या शेवटच्या पायरीवर फोन घेऊन उभी आहे. मालनबाई उठून बसतात. आधी पाणी पितात, मग तिला म्हणतात, वही मागून वाच. शेवटला मुक्काम कोणता आहे? सुजाताला काही कळत नाही, पण आईचा चेहरा बघून ती वाद घालत नाही. मुक्काम सहावा, पडकी गिरणी, दोन लॉक. बोटवाल्याला विचार, मालनबाई सांगतात.

बोटवाल्याशी सुजाताचं बोलणं चालतं तोवर मालनबाई तिच्या तोंडाकडे बघत असतात. पडकी गिरणी? हो, तीन तासांवर, पहिल्या रात्री बोटी तिथंच बांधतात. त्याच्या पुढं पांढरं दार? हो, दुसऱ्या रात्रीला अगदी बरोबर. सुजाता एकेक नोंद मागून पुढं वाचत जाते, आणि पहिल्या पानावर पोचल्यावर ती फोनवर हात ठेवते.

"बाबांचं काहीच चुकलं नव्हतं," ती म्हणते.

"टेलपासून लिहिलंय त्यांनी," मालनबाई म्हणतात. "त्यांची रीतच ती."

सुजाता डोळे पुसते आणि हिशेबी होते, बापावर गेलेली. मग असं करू, मी आणि तुझा जावई नितीन बोट नेतो. लॉकवर चढउतार असते, तुला झेपायचं नाही. तू शेवटच्या दिवशी ये, तिथं काठ सपाट आहे, तुला गाडीनं आणायची व्यवस्था करते.

"नाही," मालनबाई म्हणतात. "पहिल्या दिवसापासून येणार मी. त्याला तीन माणसं सांग."

सुजाता फोनवरचा हात काढते आणि तीन सांगते. फोन ठेवून ती आईचे हात हातात घेते आणि चपापते. दोन्ही तळव्यांवर आडवे लाल पट्टे उठलेत, दोराचा पीळसुद्धा मोजता येईल इतके साफ, आणि उजव्या हाताला कातडी थोडी सोललीय. हे कशानं झालं, कधी झालं, असं विचारत ती खोबरेल तेलाची बाटली आणायला धावते.

मालनबाई तोवर दोन्ही तळवे उन्हात धरून बघत बसतात. चांगली आग होतेय. सुजाता बाटली घेऊन येते, झाकण उघडते, तशा त्या मुठी मिटतात.

"राहू दे गं," त्या म्हणतात. "इतक्यात बरं नको व्हायला."