तीनचाकीचं मागचं बेअरिंग

माणसाच्या हातात यंत्र देण्याआधी त्याची परीक्षा घ्यावी, असं माझं ठाम मत होतं. तशी परीक्षा झाली असती तर आमचं अख्खं गाव नापास झालं असतं. मी तेहतीस वर्षं कारखान्यात काढली, त्यातली शेवटची बारा फोरमन म्हणून, आणि हे मी भेटेल त्याला पहिल्या दोन वाक्यांतच सांगत असे. निवृत्त होऊन सिद्धेश्वर धरणाकाठच्या आमच्या गावी परत आलो, तर इथं पाण्याच्या मोटरीला सुतळी बांधलेली, ट्रॅक्टरच्या सायलेन्सरवर डालड्याचा डबा उपडा घातलेला, आणि माझ्या थोरल्या भावाच्या दारात ती तीनचाकी उभी.

ती कुठल्या कंपनीची नव्हती. पुढचं तोंड जुन्या मोटारसायकलचं, मागे एक आडवा ॲक्सल, त्याच्या दोन टोकांना दोन जाडजूड चाकं आणि मधोमध चेन. कुण्या बागायतदाराने चिखलात फवारणी करायला ती बनवून घेतली होती आणि कंटाळा आल्यावर माझ्या भावाच्या गळ्यात मारली होती. भाऊ मेंढरं राखतो. धरणाचं पाणी उतरलं की जी गाळाची जमीन उघडी पडते तिथं त्याचा कळप चरतो. गावापासून चारेक किलोमीटर, आणि वाट म्हणावी अशी वाट नाही. साखरेच्या आजारात त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला, तेव्हापासून ही तीनचाकीच त्याचा पाय झाली. पायाचा ब्रेक त्याने हाताशी आणून वेल्डिंग करून घेतला होता. किक वहिनी मारून द्यायची, पदर खोचून, दोन झटक्यांत. मग दिवस मावळेपर्यंत तो गाळात, गड्याच्या जोडीने मेंढरांमागे.

मी आलो त्याच वर्षी खंडेनवमी आली. घरोघरी औजारं धुऊनपुसून पूजेला मांडली होती. आमच्या घरी तीनचाकीला पुसायची पद्धत अशी की दादा एका चिंधीने टाकी पुसणार, हँडलला झेंडूची माळ घालणार, कुंकवाचं बोट लावणार आणि झालं. मागचा ॲक्सल बघून माझं तर डोकंच फिरलं. चाकाच्या आतल्या बाजूला माती, वंगण आणि मेंढरांचे केस यांचा काळा गोळा बसलेला. अशा ध्यानाची पूजा करायची तर देवालाही नाक दाबून यावं लागेल, असं मी म्हणालो. वहिनी हसली. दादा ओट्यावर बसून बघत होता. मी विहिरीवरच्या मोटरीचा पाइप आणला, तोंडाशी अंगठा धरून पाण्याची धार थेट ॲक्सलवर मारली आणि तारेच्या आकड्याने तो सगळा घाणेरडा गोळा ओढून काढला. डावीकडचा पार निघाला. उजवीकडे सायलेन्सर आडवा येत होता, तिथं हात पोचेना, तेव्हा वरवर धुऊन सोडून दिलं. चकचकीत गाडीवर कुंकू लावताना मला फार बरं वाटलं. गावाला एक तरी स्वच्छ यंत्र बघायला मिळालं, असं मनात आलं.

पुढच्या उन्हाळ्यात तीनचाकी घरघरायला लागली. आधी नुसता आवाज, मग डावं चाक डुलायला लागलं, आणि एक दिवस गाळातून येताना ते इतकं तिरकं झालं की दादाला तीनचाकी तिथंच सोडून गड्याच्या खांद्यावर हात टाकून घरी यावं लागलं. लंगडी घालत चार किलोमीटर. त्यानंतर तो आठवडाभर बाजेवर पडून होता. गडी येऊन कळपाची खबर सांगायचा आणि दादा पत्र्याकडे बघत ऐकायचा. मग एका संध्याकाळी त्याने जाहीर केलं.

"गाडी म्हातारी झाली अन् मीबी. मंगळवारी यापारी बोलावलाय. मेंढरं देऊन टाकतो."

बेअरिंग गेलं म्हणून कळप विकायचा, हा हिशेब फक्त आमच्याच गावातला माणूस करू शकतो. पण मला त्या वेळी रागापेक्षा भीती जास्त वाटली. मेंढरं गेली तर हा माणूस बाजेवरून उठणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं. वहिनीलाही दिसत होतं, कारण ती स्वयंपाकघरातून बाहेरच आली नाही. मी म्हणालो, मंगळवारच्या आत तीनचाकी उभी करतो. दादाने कूस बदलली.

तीनचाकी बैल लावून ओढून आणली. शनिवारी मी मागची बाजू दगडांवर चढवली आणि डावं चाक धरून हलवलं. बोटभर खेळ. नट गंजाने असा धरला होता की डिझेल ओतून, पान्याला पाइप लावून, वर उभं राहून तो सुटला आणि जाताना माझा अंगठा सोलून गेला. बघायला दहा-बाराजण जमले होते. प्रत्येकाकडे सल्ला तयार होता. एक म्हणाला आग लाव, दुसरा म्हणाला घण मार, तिसऱ्याने तर ॲक्सल आणि तो ज्यात फिरतो तो पाइप वेल्डिंग करून कायमचे एक करून टाकायला सांगितलं, म्हणजे चाक फिरायचा प्रश्नच मिटला. अकलेचा असा सुकाळ मी तेहतीस वर्षांत पाहिला नव्हता.

डावं बेअरिंग बाहेर आलं ते तुकड्यातुकड्यांनी. आतल्या गोळ्यांना खड्डे पडलेले, वंगणाच्या जागी तांबडा गंज आणि गाळाचं पीठ. मी ते ओट्यावर मांडून सगळ्यांना दाखवलं आणि दादाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की यंत्राची निगा न राखणाऱ्याचं हे असं होतं.

रविवारी व्हर्नियरने मापं घेऊन वारंगा फाट्याला गेलो. तिथल्या मिस्त्रीने माझ्या व्हर्नियरकडे लेकराच्या खेळण्याकडे बघावं तसं बघितलं, चिमटीत बेअरिंगचा तुकडा धरला आणि खोक्यातून बरोबर त्याच मापाची दोन नवी काढून दिली. तेवढ्यापुरतं त्याला मी माफ केलं. पण बेअरिंगच्या तोंडाशी पाणी अडवायला रबरी सील लागतं, ते मागितलं तर म्हणाला, या मापाचं सील आता कुठंच भेटत न्हाई, तसंच टाका, चालून जातं. चालून जातं, हे दोन शब्द मराठवाड्यात कुणाच्याही तोंडून ऐकले की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. बिनसीलचं बेअरिंग धरणाच्या गाळात एक पावसाळा काढणार नाही. दुसऱ्या वर्षी पुन्हा बाज, पुन्हा व्यापारी. घरी येईपर्यंत मी त्या मिस्त्रीला, रस्त्याला आणि जिल्ह्यातल्या यच्चयावत दुकानदारांना शिव्या घातल्या.

सोमवारी सकाळी उजवी बाजू उघडली. तीही तितकीच सडलेली असणार हे धरूनच पान्याला पाइप लावला, तर नट सहज फिरला. चाक निघालं, आणि आत तो काळा गोळा जसाच्या तसा होता, सायलेन्सरमुळे माझ्या आकड्यातून वाचलेला. मी तो काढायला बोट घातलं. तो गोळा नव्हता. लोकर होती. नीट पिळून, वेढ्यावर वेढा घेऊन, वंगणात भिजवून ॲक्सलभोवती ठासलेली लोकर. बाहेरून काळी, आतून पिवळी, आणि एवढ्या पावसाळ्यांनंतरही पाण्याचा थेंब आत न गेलेली. तिच्यामागचं बेअरिंग मी बोटाने फिरवलं. ते आवाज न करता फिरत राहिलं.

मी तिथं मातीतच बसलो. कारखान्यातल्या जुन्या यंत्रांना नमद्याची, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीची, सीलं असायची. मी स्वतः शेकड्याने बदलली होती, त्यांची मापं मला तोंडपाठ होती. तीच गोष्ट भावाच्या गाडीत दिसली तेव्हा मला ती मेंढरांची घाण वाटली, कारण ती मेंढरं राखणाऱ्याने लावली होती. गाव यंत्र बिघडवतं म्हणून मी वर्षभर बोंबललो आणि यंत्र बिघडवलं होतं मी, पूजेच्या दिवशी, नळीने. मला माझी किळस आली.

गप्प बसणं सोपं होतं. नवं बेअरिंग घालायचं आणि जुनं वयाने गेलं म्हणायचं. पण डाव्या बाजूला लोकर लागणार होती, ती ठासायची कशी हे त्यालाच ठाऊक होतं, आणि तो गाडीबरोबर स्वतःलाही मोडीत काढून बसला होता. ती लोकर मुठीत घेऊन मी बाजेपाशी गेलो.

"दादा, बेअरिंग वयानं न्हाई गेलं. मी घालवलं. खंडेनवमीला हे मीच उपसून काढलं."

तो माझ्या मुठीकडे बघत राहिला. "काढून राहिला होतास तवा मी बघतच होतो."

"मग काहून बोलले न्हाईत तुमी?"

"तू मिशिनीतला माणूस. म्हटलं, याच्यापेक्षा चांगलं काही आणलं असंल यानं. ते लावंल."

तो उठून बसला आणि वहिनीला हाक मारून गेल्या कातरणीची लोकर मागितली. मी पाइपच्या तुकड्याने डावीकडे नवं बेअरिंग कडेकडेने ठोकून बसवलं, आणि तो जमिनीवर बसून मांडीवर लोकर पिळत, वंगण चोळत एकेक वेढा ॲक्सलवर चढवत गेला. दोनदा मी घाई केली, दोनदा त्याने माझा हात बाजूला सारला. दिवेलागणीला चाकं चढली. वहिनीने किक मारून बघितली आणि आत चुलीकडे गेली.

मंगळवारी व्यापारी आला तेव्हा बाज रिकामी होती. वहिनीने त्याला चहा दिला आणि सांगितलं की मालक पहाटेच मेंढरांकडं गेलेत, इकायचं काही न्हाई. ओट्यावर मी एकटाच बसलेला बघून त्याने विचारलं, तुमी कोण? मी म्हणालो, त्यांचा धाकटा भाऊ. त्याने पुन्हा विचारलं, काय करता? मी म्हणालो, काही नाही, दादाच्या हाताखाली असतो.