वरच्या वाडीचं नेट आणि वहिनींच्या किल्ल्या

वरच्या वाडीचं नेट मी बंद करत होतो. सकाळी कामाला बसताना बंद करायचो आणि दुपार कलली की चालू. हिवाळाभर हे चाललं. त्याचा आळ माझ्या चुलत वहिनींवर आला तेव्हा मी गप्प बसलो. गप्प बसलो हेही पूर्ण खरं नाही, कारण तो आळ त्यांच्या दारापर्यंत पोचवणारं वाक्य माझंच होतं.

आमचं गाव पोलादपूरच्या वरच्या अंगाला. मोबाईलची रेंज देवळामागच्या कातळावर उभं राहिलं तरच मिळते. म्हणून मागच्या गणपतीत मुंबईकर मंडळींनी ठरवलं की छपरांवर डबे बसवायचे. डबा म्हणजे हाताएवढं पांढरं बिनतारी यंत्र. रस्त्याकडेच्या घरापर्यंत नेटची तार आली होती, पण पुढे डोंगरात माकडं तार टिकू देत नाहीत. तेव्हा एका डब्याने दुसऱ्याला द्यायचं. रस्त्याकडेचा डबा माझ्या डब्याला देणार, माझा डबा वरच्या आळीतल्या दोन बंद घरांना, आणि ती घरं वरच्या वाडीला. मी महाडला कारखान्यात यंत्रांच्या देखभालीवर होतो, म्हणून डब्यांची जुळणी माझ्याकडे आली. लोकांना समजावून सांगायची तयारी करून गेलो होतो, पण गरजच पडली नाही. लावणीला आमच्याकडे अजून सावड असते. आज सगळे तुमच्या शेतात, उद्या सगळे माझ्या. वरच्या वाडीतले एक काका म्हणाले, "म्हंजे नेटची सावड! मग एवढं काय समजावतोस रे?"

बंद घरांच्या किल्ल्या वहिनींकडे असत. माझा चुलतभाऊ वारल्यापासून त्या एकट्याच. मुंबईला राहणाऱ्या सगळ्या घरांच्या किल्ल्या त्यांच्या दाराआड एका खिळ्याला लटकलेल्या. दर सोमवारी त्या एकेक घर उघडत, झाडत, कौलं बघत, देवापुढे दिवा लावत. कुणी म्हटलं, बंद घराला कशाला एवढं, तर म्हणत, "घराला कुलूप हाय, देवाला नाय." गावात त्यांचा मान काही असेल तर तो त्या खिळ्याशी होता.

परतीच्या पावसात विजा कडाडल्या तेव्हा त्यांनी घाबरून दोन्ही बंद घरांची मेन बटणं पाडली होती. वरच्या वाडीचं नेट गेलं. काका हसत खाली आले, मी वहिनींना समजावलं, आणि त्यानंतर त्या विजा चमकल्या तरी कानांवर हात ठेवून बसून राहिल्या. बटणाला हात लावला नाही. पण त्यांनी एकदा बटणं पाडली होती, हेच सगळ्यांच्या लक्षात राहिलं.

दिवाळीनंतर मी घरून काम करू लागलो. गुडघ्यांना पाळ्या झेपेनात म्हणून कारखाना सोडला होता, आणि दुसऱ्या एका कंपनीच्या यंत्रांचे अहवाल तपासायचं काम मिळालं होतं. रोज सकाळी व्हिडिओवर बैठक. माझं चित्र मधेच गोठायचं. माझ्या अर्ध्या वयाचा साहेब म्हणायचा, "सर परत पुतळा झाले बघा," आणि सगळे हसायचे. मला हसण्याचं फार वाटत नव्हतं. वाटायचं ते एवढंच की या वयात हे काम गेलं तर पुन्हा पाळ्या करायला अंगात काही उरलेलं नाही.

डब्याची सेटिंग मलाच ठाऊक होती. आधी वरच्या वाडीला जाणारा वाटा कमी केला. तरी अडकायचं. मग एका सकाळी पुढे पाठवणंच बंद केलं. बैठक एकदाही न थांबता पार पडली. त्या दुपारी मला कित्येक दिवसांनी शांत झोप लागली, हे लिहायला लाज वाटते. खालच्या, रस्त्याकडेच्या घराचा डबा मला देतच होता. दुसऱ्यांनी माझी लावणी करून द्यावी आणि त्यांच्या पाळीला मी घरात झोपून राहावं, असला तो प्रकार होता. तेव्हा मी त्याला तसं नाव दिलं नाही. तात्पुरतं आहे, असं म्हणत राहिलो.

काका काठी टेकत खाली आले. पायरीवर बसून पाणी प्यायले.

"आमचं नेट म्हंजे नळाचं पाणी झालंय. आलं आलं म्हणायचं, नि हंडा रिकामा. तुझ्याकडं हाय काय रे?"

"माझ्याकडे चालू आहे," मी म्हणालो. "पुढे बंद घरांत लाईट जात असेल."

"म्हंजे तिनं परत बटण पाडलं! ढग नाय, पाऊस नाय. आता काय थंडीला घाबरते?"

मी हसलो. नाही म्हणालो नाही.

काकांनी ते गावाच्या फोनवरल्या ग्रुपवर टाकलं. मुंबईहून वहिनींनाच बोल लावणारी उत्तरं यायला लागली. दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी स्वतः आल्या.

"भावजी, मी हात नाय लावला हो. तुम्ही येऊन बघा ना."

मी गेलो. त्यांनी दार उघडलं, विजेचा दिवा लावून दाखवला, बोर्ड दाखवला. बटण वरच होतं. माझं काम आटपलं असल्यामुळे डबाही तोवर पुन्हा चालू झालेला. बाहेर दोन-चार माणसं उभी होती. मी म्हणालो, "आत्ता तर चालू दिसतंय." त्या "आत्ता"ने काय केलं ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि तरीही मी घरी आलो.

शिमग्याला मुंबईकर आले, पालखी घरोघर नाचली. दरवर्षी निघताना एकेक घर वहिनींच्या दारी येतं, किल्ली आणि नारळ देतं. या वेळी वरच्या आळीतल्या घराची सून कुलूप लावून आली आणि किल्ली पर्समध्ये टाकत म्हणाली, "काकी, आता तुम्हाला त्रास नको."

"त्रास कसला गो," म्हणत वहिनींनी हात पुढे केला होता. तो त्यांनी हळूच पदराला पुसला. त्या घराचं बघून बाकीच्यांनीही किल्ल्या नेल्या.

मला राहवलं नाही. त्याच संध्याकाळी मी सेटिंग पूर्ववत केली. आपली बैठक अडकली तर अडको. वाटलं, निदान एवढं तरी सुधारलं. पण वरच्या वाडीचं नेट दिवसभर चालू राहिलं, आणि काका देवळात सगळ्यांसमोर म्हणाले, "बघा, किल्ल्या गेल्या नि नेट आलं."

माझ्या गुपचूप दुरुस्तीने त्यांच्यावरचा आळ पक्का केला. परत बिघडवावं, तर वरच्या वाडीने काय केलं होतं? गुडघ्यांचं निमित्त करून मी महाडजवळ सवच्या गरम पाण्याच्या कुंडावर जाऊन बसलो. तासभर पाय पाण्यात होते. गुडघे सैल झाले, बाकी काही झालं नाही. परतताना वरच्या आळीतून आलो, तर वहिनी त्या कुलूपबंद दाराच्या उंबऱ्यावर, बाहेरूनच, दिवा ठेवत होत्या. तो सोमवार होता.

तिथेच, अंगणात उभ्या उभ्या मी सांगितलं. सगळं. त्यांनी बोटाने वात पुढे सारली.

"मग शिमग्याला का नाय बोललात?"

"भ्यालो, वहिनी."

"मला सांगून काय व्हायचं? मी काय माझ्यावर आळ घेतला होता? ज्यांनी घेतला त्यांना सांगा."

वैशाखात देवळाची पूजा असते, मुंबईकर पुन्हा येतात. मधले आठवडे मी रोज वाक्यं जुळवत होतो. पूजेच्या दिवशी जेवणं झाल्यावर देवळात गावकीची सभा बसली. पाण्याच्या टाकीचा विषय संपला आणि मी उठलो. जुळवलेलं एकही वाक्य आठवेना. काका ओरडले, "बोल रे, का इथंपण नेट गेलं?" लोक हसले. ते हसणं थांबेपर्यंत मी थांबलो.

मग म्हणालो, "हिवाळ्यात वरच्या वाडीचं नेट जात होतं ते मी बंद करत होतो. माझ्या कामासाठी. बंद घरांतलं बटण एकदाही पडलं नव्हतं. काकांनी विचारलं तेव्हा मी खोटं सुचवलं, आणि वहिनींनी घर उघडून दाखवलं तेव्हाही खरं बोललो नाही. तुम्ही किल्ल्या नेल्यात त्या माझ्यामुळे. काका, वरची वाडी, तुमची माफी मागतो." बायकांच्या बाजूला, खांबापाशी वहिनी बसल्या होत्या. मी त्यांच्याकडे वळलो. "वहिनी, अंगणात तुम्हाला एकटीला सांगितलं, ते पुरेसं नव्हतं. तुमचं नाव मी खराब केलं, आणि ते होताना बघत राहिलो. मला माफ करा."